कबुतराचा क्रूस

पार्ल, केप
१९९२

गिदिओन,

"आईचा ह्यूगेनो क्रूस, आपल्या फ्रेंच प्रॉटेस्टंट पूर्वजांची खूण, माझ्या छातीवर ठेवूनच मला पुरा," असं तू इस्पितळातून कळवलंस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र पाठवणार मात्र नाही.

थोरलीला आईच्या आईचं नाव, या रिवाजाने मी सबीना. त्याच नावामागून मी आज्यांच्या आज्या शोधल्या. धर्मासाठी फ्रान्समधून पळून आलेली, आपण लहानपणापासून ऐकलेली पहिली सबीना सापडलीच नाही. सापडली ती बंगालहून आणून केपमध्ये विकलेली गुलाम.

सावळ्या, गोरेतर माणसाशी लग्न केलं म्हणून तू घराबाहेर काढलेल्या तुझ्या ॲनेलीला हे सांगितलं. ती हसली.

"आत्या, मग बाबांनी आधी स्वतःलाच हाकलायचं होतं!"

मग रडली. "त्यांना सांगू नकोस गं. फ्रेंच म्हणूनच मरू देत त्यांना."

क्रूस, त्याखाली लटकणारं कबुतर आणि साखळीसकट, आज तुझ्याऐवजी ॲनेलीच्या हाती दिला.

सबीना