अपेक्षित पातळीच्या दिशेने

४ सप्टेंबर, सोमवार
बटणचं प्रगतिपत्रक आलं. (बटण म्हणजे आमची कन्या. दुसरीत आहे.) मार्क नाहीत, ग्रेड नाही. गणितासमोर एकच वाक्य : 'अपेक्षित पातळीच्या दिशेने प्रगती करत आहे.'
दिशेने! म्हणजे पोचलेली नाही. लिफ्टच्या सर्व्हिसिंगमध्ये माझं आयुष्य गेलं. लिफ्ट एखाद्या मजल्याच्या दिशेने जाऊन मध्येच थांबली तर आमच्याकडे त्याला प्रगती म्हणत नाहीत, ब्रेकडाउन म्हणतात. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, सात वर्षांची आहे ती, जेवायला बस.
मी शांत आहे. जेवताना प्रगतिपत्रक फक्त दोनदा पाहिलं.

५ सप्टेंबर, मंगळवार
वर्गाच्या बाईंना मेसेज केला. थोडक्यातच, पण बाईंना 'पुढे वाचा' दाबावं लागलं असणार. उत्तर आलं : काळजी करू नका, ती छान समजून घेतेय.
'घेतेय.' 'घेतलंय' नाही. दिवसभर डोक्यात भुंगा.
ऑफिसात पर्चेसवाला भेटला. त्याचा मुलगा त्याच शाळेत, शेजारच्या तुकडीत. एकोणीसपर्यंत पाढे येतात म्हणे. मी विचारलं नव्हतं. फक्त, मुलगा काय म्हणतो, एवढंच विचारलं होतं.
ठराव : बटणचं गणित आजपासून माझ्याकडे. रोज जेवणाआधी थोडा वेळ. हसतखेळत. दडपण अजिबात नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार
श्रीगणेशा झाला. लिफ्ट सातव्या मजल्यावर आहे, चार मजले खाली आली, आता कुठे?
बटणने विचारलं, लिफ्टमध्ये कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. मग ती खाली का आली? म्हटलं, खालून कोणीतरी बोलावली. कोणी? शेवटी एक काकू आणि त्यांचा कुत्रा घ्यावा लागला. कुत्र्याचं नाव ठरण्यात बराच वेळ गेला. मग म्हणाली, लिफ्ट तिसऱ्यावर, पण काकू चौथ्यावर राहतात, त्यांना जिना चढावा लागेल, बिचाऱ्या.
अर्धा मार्क दिला. विषयांतर फार.

११ सप्टेंबर, सोमवार
दोष सापडला! आठ अधिक सात विचारलं तर ही पोरगी सातातले दोन काढते, आठाला देते, दहा करते, उरलेले पाच त्यात घालते, मग पंधरा म्हणते. एवढा वळसा! बाईंनी शिकवलंय म्हणे. मी म्हटलं, आठ सात पंधरा, पाठ करून टाक, विषय संपला. तिने विचारलं, पण दोन कुठे गेले? म्हटलं, दोन नाहीतच. ती म्हणाली, होते ना, मी आत्ताच दिले आठाला.
दोनांचं अस्तित्व पुसायला बराच वेळ लागला. शेवटी पुसलं गेलं. पाया पक्का होतोय.

१५ सप्टेंबर, शुक्रवार
भिंतीवर आलेख लावला. मोबाइलवर वेळ लावून प्रश्न. उत्तर बरोबर तर हिरवा ठिपका, चूक तर लाल.
आलेख खाली जातोय. घाबरण्याचं कारण नाही, नवीन मोटर बसवली की सुरुवातीला लिफ्ट हिसके देतेच.
एक निरीक्षण : आठ अधिक सातला आज ती 'चौदा?' म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून 'सोळा?' मग पुन्हा बघून 'तेरा?' उत्तर माझ्या कपाळावर लिहिलंय अशी तिची समजूत आहे. उद्यापासून चेहरा कोरा ठेवायचा.
ही म्हणाली, आधी तिला पंधरा येत होते. मी म्हटलं, येत होते, पण चुकीच्या पद्धतीने.

१९ सप्टेंबर, मंगळवार
बटणच्या पोटात दुखतंय. शनिवारीही दुखत होतं. ही म्हणते, तुझी गाडी खाली लागल्याचा आवाज आला की दुखतं. योगायोग. जेवणाआधीची वेळ, भूक लागत असेल.
तरी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, जीभ पाहिली, बटणशी काहीबाही बोलले. मग तिला बाहेर पाठवून मला विचारलं, रविवारी पण दुखतं का? म्हटलं, हो, जास्तच. रविवारी काय असतं? म्हटलं, रविवारी वेळ असतो ना, म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा गणित घेतो.
औषध काहीच दिलं नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ बघत होते. जुन्या डॉक्टरांना हल्लीचे आजार कळत नाहीत.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
वा! शाळेकडून मेसेज : गणिताच्या संदर्भात काही निवडक पालकांची छोटी बैठक, गुरुवारी. 'निवडक'!
म्हणजे दखल घेतली गेली. प्रेझेंटेशन करायला घेतलं. विषय : लिफ्टमधून वजाबाकीकडे. हिला मेसेज दाखवला. हिने वाचला, फोन परत दिला आणि विचारलं, मी पण येऊ का? म्हटलं, कशाला, मी एकटा सांभाळीन.

२५ सप्टेंबर, सोमवार
पर्चेसवाल्याला सहज विचारलं, गुरुवारी येतोयस ना? त्याला बोलावणंच नाही. दुपारी त्याच्यासमोर मुद्दामच जास्त काही बोललो नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार
बैठक झाली.
दुसरीतल्या मुलांच्या खुर्च्या. गुडघे हनुवटीला. आम्ही मोजकेच पालक, प्रत्येकाच्या हातात काही ना काही. एका बाबांकडे तर फ्लॅशकार्डांचा पेटारा.
बाईंचा आवाज फार मऊ. म्हणाल्या, तुम्हा सगळ्यांची मुलं महिन्याच्या सुरुवातीला छान करत होती. आता विचारलं की गप्प बसतात. मग एकेकाशी बोलल्या. मला म्हणाल्या, फळ्यावर कोण येतं विचारलं की तुमची मुलगी सगळ्यांत आधी धावत यायची. परवा जागेवरून उठली नाही. जवळ गेले तर हळूच विचारते, बाई, चुकलं तर घरी कळेल का?
खिशात पेनड्राइव्ह होता. तो हातात गच्च धरून बसलो.
म्हटलं, आणखी काही कारण असू शकतं का? बाई म्हणाल्या, असू शकतं. आणि फ्लॅशकार्डवाल्या बाबांकडे वळल्या.
निघताना न राहवून विचारलं, त्या 'दिशेने प्रगती'चा नेमका अर्थ काय? म्हणाल्या, पहिल्या सत्रात सगळ्यांना तेच वाक्य असतं. वर्ष आत्ता तर सुरू झालंय. म्हटलं, एकोणीसपर्यंत पाढे येणाऱ्यांनाही? म्हणाल्या, सगळ्यांना.
काही दिवस घरी गणित विचारू नका, म्हणाल्या. म्हणजे किती दिवस, हे विचारायचं राहिलं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार
आलेख काढला. भिंतीचा रंगही थोडा निघाला.
बटणला सांगितलं, आता घरी गणित बंद. वाटलं होतं उड्या मारील. तिने विचारलं, मी नापास झाले का?
नाही म्हटलं. पण भिंतीकडे बघत म्हटलं, त्यामुळे तिला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे. आज पोटात दुखलं नाही. तिच्या.

३० सप्टेंबर, शनिवार
संध्याकाळी दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. मीही जाऊन बसलो. काहीही विचारणार नव्हतो, तसं ठरवूनच गेलो होतो. बटण एकेक शेंग फोडत होती. हिच्यात सहा जण राहतात. हिच्यात आठ, गर्दी झालीय. मग स्वतःशीच, या दोघींचं कुटुंब एक केलं तर...
मी फक्त 'किती?' म्हटलं. एवढंच. तेही अगदी हळू.
तिने शेंगा ताटलीत ठेवल्या आणि म्हणाली, मला पाणी प्यायचंय. गेली. हिने पुढची शेंग उचलली. बोलली असती तर बरं झालं असतं.
गॅलरीत येऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने आतून पुन्हा पातेल्यात मटार पडल्याचा आवाज यायला लागला. बटण मोठ्याने काहीतरी म्हणाली. आकडाच असावा. ही हसली, मग तीही हसली. नीट ऐकू आलं नाही. दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.
विचारलं नाही.