नाव दगडावर, माणूस टपरीवर

२६ मार्च २०२५, बुधवार

देवाची हाडं सापडली म्हणे!

निकितानं पुण्याहून व्हिडिओ पाठवला. खाली एकच ओळ — "बघा आजोबा. सगळं खोटंच असेल तर ईस्टरला येऊन काय करू?" नातीनं तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं, अन् तेही असं!

माझी बायको चांगुणा गेल्यावरचा हा पहिला ईस्टर. पहाटे सगळी मंडळी दफनभूमीत जातात, आपापल्या माणसाच्या दगडापाशी मेणबत्ती लावतात, गाणी म्हणतात. जिला आजीनं तळहाताच्या फोडासारखं जपलं तीच नसेल, तर मी त्या दगडापाशी एकटा उभा राहून काय करू?

व्हिडिओ तीनदा पाहिला. यरुशलेमजवळ पंचेचाळीस वर्षांमागं इमारतीचा पाया खणताना खडकात कोरलेलं थडगं निघालं. आत हाडं ठेवायच्या दहा दगडी पेट्या. सहांवर नावं. एकीवर 'योसेफाचा पुत्र येशू', एकीवर त्याच्या आईचं नाव मरिया, एकीवर भावाचं, योसे. आमचा येशू तर तिसऱ्या दिवशी देहासकट कबरीतून उठला, म्हणून तर ईस्टर; मग हाडं कुठली? सांगणारा बाबा असा हात उडवत होता, जशी पेटी त्यानंच घडवलीये.

'सैतानाचं काम' म्हणून मोबाईल पालथा घालणार नाही. मी गवंडी माणूस. भिंत वाकडी वाटली तर ओळंबा लावतो, प्रार्थना नाही.

२७ मार्च

बातमी टपरीवर माझ्याआधी पोचलेली! आसाराम पेरूच्या बागेतून थेट तिथंच येतो. मला बघून बाकावरून ओरडला, "काय राधाकिस्ना, तुमच्या देवाची हाडं घावली म्हनं! मग इतकी वर्सं आमाला काय सांगत हुता?"

मी म्हणालो, "थांब, तपास चालू आहे."

"तपास? तू काय फौजदार हाय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. चहा मात्र अर्धाच टाकून उठलो.

२९ मार्च

वहीत दोन रकाने पाडले. 'खरं' आणि 'खोटं'.

'खरं' खाली — पेट्या खऱ्या. थडगं खरं. जाणत्यांनी उकरलंय, कुणी बाजारातून आणलेलं नाही. हे मान्य करायला जीव कचरला, पण केलं. एक गणितवालाही म्हणतो, एवढी नावं योगायोगानं एकत्र यायची शक्यता सहाशेत एक.

'खोटं' खाली — येशूचं नाव खिळ्यानं खरडल्यासारखं आहे. जाणत्यांचंही ते वाचण्यावर एकमत नाही. आणखी एक. येशूच्या, म्हणजे नासरेथ खेड्यातल्या सुताराच्या घराला राजधानीजवळ खडकातली खोली कुठून परवडावी? मी अर्ध्या राहात्याची घरं बांधली, माझ्या घरावर अजून पत्राच आहे.

चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, "राधाकृष्णदादा, विश्वासाला पुरावा लागत नाही." म्हटलं, "मला नाही लागत साहेब. निकिताला लागतो." मग हळूच म्हणाले, "काही सापडलं तर मलाही सांगा."

३ एप्रिल, गुरुवार

सापडलं! आमच्याच दफनभूमीत!

सकाळपासून वही घेऊन दगड मोजत फिरलो. एकूण एकशे बारा. निम्मे माझ्याच हातचे. मरिया अकरा. योसेफ सात. याकोब नऊ. अन् शिरसाठांच्या ओळीत तर शेजारी-शेजारी — योसेफ, मरिया, त्यांचा पोरगा येशुदास! हा येशुदास उसाचा ट्रॅक्टर चालवायचा अन् प्यायल्यावर बाभळीशी भांडायचा. उद्या कुणी त्याची हाडं उकरून म्हणेल, हाच तो! पुढं त्रिभुवनांच्या ओळीत पुन्हा तेच त्रिकूट. एवढ्याशा गावात दोन! मग तिकडं किती असतील? सहाशेत एक कसला!

आणि दगडावर तरी विश्वास किती ठेवायचा? मार्थाबाईंच्या दगडावर मरणाचं साल मी चुकीचं कोरलंय. वीस वर्षांत घरच्यांनाही कळलं नाही.

सर्वात मोठा पुरावा शेवटी सापडला. चांगुणाचा दगड. आमच्यात जोडीदार गेला की कुणी कुणी दोघांची नावं एकदमच कोरून ठेवतात. मीही कोरलं. चांगुणाच्या शेजारी 'राधाकृष्ण', जन्माचं साल, एक आडवी रेघ, पुढं मोकळी जागा. नाताळात बसवला तेव्हा निकिता होती. तिला कौतुकानं दाखवलं, "बघ, माझीही सोय करून ठेवली!" पोरगी हसली नाही. प्रवासानं दमली असेल.

तर आता बघा. दोन हजार वर्षांनी कुणी हा दगड उकरला तर म्हणेल, एक — इथं कृष्णाचं देऊळ होतं. दोन — हा राधाकृष्ण इथंच पुरलाय. अन् राधाकृष्ण तर टपरीवर बशीतून चहा पितोय!

आसारामला सांगितलं. मांडी थोपटून म्हणाला, "बराबर हाय! आपल्या भागातली निम्मी देवळं पांडवांनी येका रातीत बांधली म्हनत्यात. त्यांना काय झोपबिप न्हवती का? लोकं नाव बघून कायबी चिकटवत्यात."

५ एप्रिल

माझ्या नावाचा फोटो काढून निकिताला पाठवला. खाली लिहिलं — नाव दगडावर, माणूस टपरीवर! आता बोल!

७ एप्रिल

उत्तर नाही. दोन निळ्या खुणा फक्त.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

वही पुन्हा काढली. खरं सांगायचं तर 'खोटं'चा रकाना भरला, पण पेटीत कोण होतं ते मला अजूनही माहीत नाही. 'तो नव्हता' हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही. एवढंच कळलं की त्या हातवारेवाल्या बाबालाही माहीत नाही.

अन् तरी सकाळी चर्चमध्ये झावळी हातात धरून येशूच्या स्वागताचं गाणं गायलो. ओळंबा तिथवर पोचत नाही, दोरीच आखूड.

निकिताला हे जसंच्या तसं लिहून पाठवलं. जिंकायचं नाही म्हटलं, फक्त ये.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

उपास. उत्तर नाही.

२० एप्रिल, ईस्टर

आली! पहाटेच्या गाडीनं! मी मेणबत्त्यांची पिशवी घेऊन निघालो तर फाटकात उभी.

पण दफनभूमीच्या दारात अडली. आत येईना. सगळे गात होते. मी म्हटलं, "अगं, अजून हाडांचंच डोक्यात आहे का? रकाने दाखवू?"

"हाडांचं काही नव्हतंच आजोबा." रडायला लागली. "न यायला काहीतरी कारण हवं होतं. आजीचं नाव मी बघू शकते. तुमच्या नावापुढची ती मोकळी जागा बघवत नाही. अन् तुम्ही त्या जागेचाच फोटो पाठवलात! वर हसताय!"

मी एकशे बारा दगड वाचले. घरचं एक पोरगं वाचता आलं नाही.

मेणबत्ती बाहेरच्या कठड्यावर लावली. दोघांनी.

२१ एप्रिल

छिन्नी-हातोडा घेऊन गेलो. निकिता दारापर्यंत पाणी आणून देत होती, आसाराम सल्ले देत होता. अक्षरं निघता निघेनात. स्वतःचं नाव म्हणून जरा जास्तच खोल कोरलं होतं, लबाड मी! दुपारपर्यंत जागा कोरी झाली. चांगुणा एकटी राहिली. निकितानं आत येऊन तिच्या दगडावर हात ठेवला.

आता दोन हजार वर्षांनी कितीही खणा, मी सापडायचा नाही. शोधा म्हणावं!