एका आवर्तनाची जागा

दि. ३ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

तुला आजी नावाचं एक माणूस आहे, त्या माणसाला दोन गुडघे आहेत आणि ते दोन्ही दुखतात, याची आठवण करून द्यायला हे पत्र. तुझ्या मागच्या पत्राला तीन महिने झाले. तुम्ही स्टुडिओवाले म्हणे मुंगी चालली तरी तिचा आवाज फितीवर धरून ठेवता. मग आजीला दिलेला शब्दच तेवढा कसा गं निसटतो?

नेहमीप्रमाणे मी सांगते आहे आणि तुझा काका लिहितो आहे. जीभ माझी, अक्षर त्याचं. चुका सापडल्या तर त्याही त्याच्याच.

इकडे सगळं बरं आहे. सकाळी काकाचे विद्यार्थी येतात आणि गिटारला छळून जातात. दुपारी तो कुणाच्या तरी मोडक्या गिटारची मान चिकटवत बसतो. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणतात की त्यांचं मशीन थांबलं की आमच्या घरचं सगळं ऐकू येतं, म्हणून त्या मशीन सहसा थांबवत नाहीत.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे तुझ्या बापाच्या पाच रेकॉर्ड आहेत आणि काकाच्या तीन. थोरल्याच्या रेकॉर्डवर त्याचा पियानो, सोबत बास आणि ड्रम. धाकट्याच्या रेकॉर्डवर त्याची गिटार, सोबत बास आणि ड्रम. आणि बासवाला नि ड्रमवाला दोघांकडे तेच! परकी माणसं दोन्ही घरी जेवून जातात आणि सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अकरा वर्षं झाली याला. का, तर चौघांचं एकत्र जॅझचं ध्वनिमुद्रण चालू असताना थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, की तू जरा हात बांधून बस, तुझ्यामुळे मला सूर ठेवायला जागा राहत नाही. धाकट्यानं गिटार पेटीत घातली आणि तो सरळ माझ्याकडे आला.

(इथे मी पेन खाली ठेवला होता. आईनं उचलायला लावला. – काका)

चूक थोरल्याचीच होती, आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. त्याचा डावा हात म्हणजे जेवणाच्या टेबलावर दोन्ही कोपरं पसरून बसणारा पाहुणा. शेजारच्यानं ताट ठेवायचं कुठे? पण म्हणून दुसऱ्यानं अकरा वर्षं उपाशी बसायचं नसतं. मला लिहिता-वाचता येत नाही, पण माझे कान शाबूत आहेत. दोघांच्या रेकॉर्ड एकामागून एक लावल्या की वाटतं, दोन खोल्यांत बसून दोघं एकाच गोष्टीवरून भांडताहेत.

मी जायच्या आधी मला माझे दोन मुलगे एका रेकॉर्डवर हवेत. बापाला तू पटव, काकाला मी बघते. आणि थोरला हल्ली फार दमलेला दिसतो असं बासवाला सांगून गेला. तुझी आई गेल्यापासून तिथे त्याला बघणारी तू एकटीच. काय आहे ते खरं कळव.

लोभ आहेच. पत्र आलं तर टिकेलही.
तुझी,
आजी


दि. १२ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कोपरांची गोष्ट आली तेव्हा त्यांनी टेबलावरचं आपलं कोपर गुपचूप काढून घेतलं. मग एवढंच म्हणाले, की येऊ दे त्याला. मी लगेच स्टुडिओ धरला. अठ्ठावीस तारीख, सकाळी दहा. बासवाले आणि ड्रमवाले काका येतायत. तेच दोघं, सगळ्यांचे जेवणारे.

आता पुढचं. काका, हे आजीला तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून सावकाश वाचा आणि वाचताना तिच्याजवळ बसा. बाबांच्या डोक्यात गाठ आहे. ती काढता येण्यासारख्या जागी नाही. डॉक्टर दोन महिने म्हणाले, आणि तेवढेही मिळतीलच असं त्यांनी सांगितलं नाही. बाबांना हे माहीत आहे. ते रोज सकाळी पियानोशी बसतात, पण आता थोडाच वेळ.

म्हणून अठ्ठावीस तारीख पुढे ढकलता येणार नाही. आजीला दोन दिवसांचा प्रवास कसाही करून झेपत असेल तर तिलाही घेऊन या. बाबा बोलून दाखवत नाहीत, पण तिची खुर्ची त्यांनी उन्हात आणून ठेवली आहे.

वडीलकीची माया आहे तशीच राहू द्या.
तुमची,
खार


दि. २८ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बदललेलं पाहून दचकू नकोस. आज शिंपीणबाई लिहिताहेत. त्यांच्या ओळी शिवणीसारख्या सरळ आहेत असं त्या स्वतःच म्हणतात.

तुझं पत्र दहा दिवसांपूर्वीच आलं. काकानं वाचून दाखवलं, की दादा तयार आहे, तारीख मागाहून ठरेल, सध्या त्याला सर्दी झाली आहे. कोपराची गोष्टही सांगितली, मी पोट धरून हसले. पण पहिलं पान वाचून झाल्यावर तो दुसरं नुसतं हातात धरून बसला होता. मी विचारलं तर म्हणाला अक्षर लागत नाही. अक्षर लागत नाही म्हणे! शाळेत सुंदर अक्षराचं बक्षीस मिळालेल्या मुलीचं! मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण माणसाला ज्या दिवशी हसायला मिळतं त्या दिवशी ते खोलात शिरत नाही.

त्यानंतर यानं विद्यार्थ्यांना सुट्टी दिली. जेवणात मन नाही, गिटारला हात नाही. काल रात्री तो आंघोळीला गेल्यावर त्याच्या सदऱ्याच्या खिशातून पत्र काढलं आणि कठडा धरत धरत खाली आले. शिंपीणबाईंनी मशीन थांबवून वाचलं. गाठ हा शब्द आला तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

वर येऊन मी त्याला विचारलं. तो म्हणाला, की मला ते तोंडानं म्हणता येईना. तुझ्यापुढे म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं. रोज उद्या सांगू म्हणायचो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खारे, आणि पाचवीतल्या पोरासारखा प्रगतिपुस्तक लपवून बसलेला. मी रागावले नाही. रागवायला वेळ लागतो, आणि वेळ यानं संपवून टाकला होता.

आज पहाटेच्या बसनं तो निघाला. मीही निघाले होते. एक पिशवी भरून स्टँडपर्यंत गेले. बसच्या पायरीवर पाय चढेना. दोघा-तिघांनी उचलून बघितलं, मी ओरडले, मग त्यांनीच मला रिक्षात बसवून परत आणलं. तार करायला शिंपीणबाईंच्या भाचीला पाठवलंय, की धाकटा तीस तारखेला पोचतो. आत्ता दहा वाजले, तिकडे तुमचं सुरू होत असेल. थोरल्याला सांग, थांब म्हणावं. जन्मात कुणासाठी थांबला नाहीस, एवढं एकदा थांब.

जीव तिकडे आहे, बाकीची मी इथे.
तुझी,
आजी


दि. ५ डिसेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

माझी तार तुला मिळाली असेल. त्यात चारच शब्द होते, म्हणून आता सगळं लिहिते. शिंपीणबाई, आजीला पाणी देऊन मग वाचा.

अठ्ठावीस तारखेला बाबा साडेनऊलाच स्टुडिओत आले. पियानोसमोर गिटारसाठी खुर्ची मांडायला लावली. साडेअकरापर्यंत दाराकडे बघत बसले. मग म्हणाले, की त्याला यायचं नसेल, आपण सुरू करू. गिटारचा वेगळा माइक मात्र तसाच राहू द्या म्हणाले. तुझी तार दुपारी आली. तोवर तीन चाली फितीवर झाल्या होत्या.

आजी, फीत सुरू करण्याआधी हात मोकळे करताना त्यांचा डावा हात दोनदा चुकीच्या पट्ट्यांवर पडला. तिसऱ्यांदा उचललाच गेला नाही. त्यांनी तो मांडीवर ठेवला, कुणाची तरी टोपी सांभाळायला घेतल्यासारखा. तिन्ही चाली त्यांनी एकट्या उजव्या हातानं वाजवल्या. तिसरीत त्यांचं एक आवर्तन झालं आणि त्यांनी उजवा हातही उचलून गुडघ्यावर ठेवला. मला वाटलं थकले, आता संपलं. माझं बोट फीत थांबवायच्या बटणावर गेलं होतं. बास आणि ड्रम तसेच चालू राहिले. अख्खं एक आवर्तन गेलं, आणि पुढच्याच्या पहिल्या मात्रेवर बाबांनी पुन्हा सूर धरला.

तार दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. परवा पुन्हा वाजवू म्हणाले, चांगले जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नीट जाग आलीच नाही. दुपारी गेले. काका तीस तारखेला आले.

काका रडले नाहीत. गिटारची पेटीही खाली ठेवली नाही, तशीच हातात. मी त्यांना फीत ऐकवली. तीन चाली ऐकल्यावर ते म्हणाले, की बघ, दादानं अख्खी डावी बाजू माझ्यासाठी मोकळी सोडली. आणि मग रडले. तेव्हापासून रोज स्टुडिओत येतात. फितीवर गिटारसाठी पट्टा कोरा आहे, त्यावर त्यांचं वाजवणं वेगळं घेता येतं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ती सगळी जागा त्यांना भरायची आहे.

हाताचं त्यांना माहीत नाही. मी पत्रात लिहिलं नव्हतं, कारण मलाही त्या दिवशीच कळलं. बासवाले आणि ड्रमवाले काका म्हणतात, तूच ठरव. आजी, मी सांगू का? सांगितलं तर त्यांच्याकडे भावाचं काय उरेल? नाही सांगितलं तर तुला हवी होती तशी दोघांची रेकॉर्ड होईल. तू सांगशील तसं करीन.

मायेचा हात डोक्यावर असू दे, आता तोच आहे.
तुझी,
खार


दि. ११ डिसेंबर

चि. खारूताईस,
पोटाशी धरून आशीर्वाद.

तार आली तेव्हा शिंपीणबाईंनी ती उघडून पुन्हा घडी घातली. वाचून दाखवायची गरज पडली नाही. तीन दिवस त्यांचं मशीन बंद होतं. मी म्हटलं चालू करा बाई, नाहीतर मला माझंच ऐकू येतं.

थोरला मला शेवटचा दिसला नाही. मी त्याला दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं तसाच तो आता राहणार, पोट सुटलेला आणि माझ्या औषधांच्या वेळा चुकीच्या सांगणारा. त्यावर आणखी बोलत नाही. बोलले तर शिंपीणबाईंचा कागद भिजेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सांग. पत्र हातात पडेल त्या दिवशी सांग. काका माझ्या भल्यासाठीच एक पान गिळून बसला, आणि मला मुलगा भेटला नाही, त्याला भाऊ. आता त्याच्या भल्यासाठी तू दुसरं गिळू नकोस. डावा हात आजारानं पडला, थोरल्यानं सोडला नाही. आजारानं रिकामी केलेली जागा कुणालाच दिलेली नसते. ती भरू नको म्हणावं. तिथे माझा मुलगा एका हातानं कसा चालत गेला ते ऐकू येऊ दे. मला तर ऐकायचंच आहे.

पण त्या उजव्या हाताचं मी शिंपीणबाईंना तीनदा वाचायला लावलं. तू म्हणतेस थकला. अगं, एवढी शिकलीस, आवाजाचं पोटपाणी करतेस, आणि एवढं कळलं नाही? थकून थांबलेला माणूस परत येतो तेव्हा अडखळतो, आधी येतो नाहीतर उशिरा. हा नेमका पहिल्या मात्रेवर आला. म्हणजे गुडघ्यावर हात ठेवून तो मोजत बसला होता. समोरचं माणूस बोलत असलं की आपण असंच बसतो. खुर्ची रिकामी होती, धाकटा येणार नाही असं त्याला वाटत होतं, तरी धाकट्याला पूर्ण बोलू दिलं. लहानपणापासून यानं भावाचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं.

तेवढं एक आवर्तन धाकट्याचं. तेवढंच. त्याला वाटेल फार थोडं आहे. रडेल, रडू दे. मग डोळे पुसून वाजव म्हणावं, आणि पुढच्या पहिल्या मात्रेच्या आत आटप, कारण तिथे दादा येतोय.

झालं की त्याला घरी धाड. आईला तोंड कसं दाखवू म्हणून तो तिथेच रेंगाळेल. त्याला सांग, शिंपीणबाई शुद्ध लिहितात पण मला मध्येच सुधारतात. मला माझा लिहिणारा परत हवा आहे.

तुझ्यावरचा लोभ आता दोघांच्या वाट्याचा आहे, सांभाळून घे.
तुझी,
आजी

ता. क. काकाबरोबर बिस्किटं पाठव. थोरला दर महिन्याला एक डबा पाठवायचा, ती कडक असत. मला कधी चावली नाहीत. चहात भिजवून कशीबशी गिळायची आणि फार छान होती म्हणून कळवायची, असं मी कित्येक वर्षं केलं. तू मऊ पाठव. आणि एक लहान डबा कडकही असू दे.