घरच्याला आवतण

२४ ऑगस्ट, रविवार
पुढच्या रविवारी महालक्ष्म्या बसणार. आईविना पहिल्याच; गेल्या वर्षी ती गेली, म्हणून घरात सण नव्हता. मुखवटे सेक्टर २ च्या या क्वार्टरमध्ये, अस्मादिकांच्या ताब्यात (ज्येष्ठ बंधू, पोलादाच्या प्लांटमधील लेखनिक, रक्तदाब आणि साखर सन्माननीय). कनिष्ठ बंधू विनायक वैशाली नगरात. आईच्या तेराव्यापासून उभयपक्षी मौन. तो रडला नाही म्हणून मी रागावलो. मी विनोद करीत राहिलो म्हणून तो. वस्तुतः उभयतां घाबरलेले होतो. ही वार्ता उभयतांनी गुप्त राखली.
निश्चय: पहिले पाऊल मी टाकणार.

२६ ऑगस्ट, मंगळवार
टाकले. मोबाइलवरून निमंत्रण धाडले. ‘कुलस्वामिनीच्या कृपेने... आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून महाप्रसादाचा स्वीकार करावा.’ पुनःपुन्हा वाचले. स्वतःच्याच शैलीने गहिवरलो. लिहायचे होते ‘ये रे’. तेवढेच त्यात कुठे आढळले नाही.
विनूचे उत्तर नाही.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
सौ.ला सांगितले. लाटणे जागच्या जागी थांबले.
“विनूभाऊजीले आवतन देल्लं तुम्ही? महालक्ष्मीचं? घरच्या मानसाले?”
शास्त्रार्थ असा: या जेवणाचे आवतण परक्याला. घरचा माणूस न बोलावता येतो, पाट मांडतो, पंगत वाढतो, सर्वांच्या शेवटी जेवतो. आईने त्याला जन्मात कधी ‘ये’ म्हटले नाही. उशीर झाला तर शिव्या मात्र घातल्या. आणि मी, समेटाच्या उदात्त हेतूने, सख्ख्या भावाला पाव्हण्यांत काढले. लेखी.

२९ ऑगस्ट, शुक्रवार
सुपेल्याच्या बाजारात साहूबरोबर चहा. प्लांटमधला जुना मित्र. सर्व वृत्तांत सालंकृत निवेदिला. तो म्हणाला, “सीधा बोल देना था यार. तू डरता है, इतना ही तो बोलना है.” मी विषय बदलला. त्याने बदलू दिला. आमची मैत्री याच सौजन्यावर टिकून आहे.
तिथून वैशाली नगर. दार विनूनेच उघडले. केस पिकलेत. पाणी ट्रेमधून आले. आजवर मी त्या घरात माठातले हाताने घेत असे. वाक्य तयार होते: आईबिगर मले काही सुचून नाही राहिलं. मुखातून निघाले, “यजमानांचे स्वास्थ्य कुशल ना?”
तो म्हणाला, “पाव्हण्याले चहा चालन का?”
चहा बिनसाखरेचा होता. म्हणजे त्याला स्मरते. मी त्याचीही प्रशंसा अलंकारिकच केली. उठलो.

३१ ऑगस्ट, रविवार
आवाहन. सौ. मुखवटे घेऊन उंबऱ्यावर. आतून ‘महालक्ष्मी आली, कशाच्या पावली?’ हे विचारण्याचा मान विनूचा असे. या वेळी मी विचारले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला.
सायंकाळी देवीसमोर बसून लिहिले, एका दमात, संस्कृताविना: ‘विनू, मले भेव लागते. ये.’ पाठवले.
उत्तर तत्काळ. शब्द नाहीत. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा.
जन्मभर विदूषकी केलेल्या इसमाचे सत्यवचन. तोही बिचारा काय समजणार? किंवा समजला असेल. पाणी कशाचे, यावर भाष्य उपलब्ध नाही.

१ सप्टेंबर, सोमवार
पूजन. पुरण, आंबील उत्तम. पाट मी मांडले, पंगती मी वाढल्या. कंबरेने निषेध नोंदविला. आवतण दिलेले सगळे आले, एक सोडून. देवीवर श्रद्धा आहे. माणसांच्या बाबतीत तिचा अधिकार कितपत चालतो, याविषयी...
आता शेवटची पंगत, घरच्यांची. सौ.ने पाने मांडली: तिचे, माझे आणि भिंतीकडचे एक, जिथे विनू बसत असे. ऊन अंगणातून गेले. आंबिलीवर साय धरली आहे.
सौ. विचारते, “वाढू का?”
म्हटले, थांब.