उजवीकडं कललेली गाडी

मंगळवार, पौष. दिवेलागण.

मुदखेडच्या मिस्त्रीनं आज आमच्या मालकांच्या जुन्या अँबेसिडरचे मागच्या चाकांवरचे पाटे, म्हंजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलले. पाटे अडकवायच्या शॅकलच्या पिना बी नव्या घातल्या, जुन्या पार झिजल्या होत्या. मी म्हणलं, उजवीकडचं राहू दे की बाबा. तो हसला, "आजी, पाटे जोडीनंच बदलतेत. न्हाईतर गाडी कललेलीच ऱ्हाईल."

कलू दे, असं लेकाच्या देखत कसं म्हणावं?

मालकांचं अंग काय, पोतंच होतं. त्यांच्या चालवायच्या बाजूला दबून दबून गाडी कायमची कललेली. पुढची सीट सलग, मी आपोआप त्यांच्याकडं घसरायची. मागं सासरे बसलेले, म्हणून दाराची कडी घट्ट धरायची. तरी आमचं भोकर गाव येईस्तोवर खांद्याला खांदा लागायचाच. तोंडानं कधी "जवळ बस" म्हणले न्हाईत. तसला माणूसच न्हवता. मी तरी कुठं म्हणले?

ते जाऊन वरीस झालं. गाडी कललेली दिसली की वाटायचं, बसलेत अजून तिथं. येडेपणा, दुसरं काय.

येताना लेक गाडी चालवत म्हणला, "आई, आता कशी सरळ बसलीस बघ."

हाव म्हणलं. भोकरपातुर सरळच बसले.