गोरखचिंचेवरची चिंधी

किबुयुनी,
१९ फेब्रुवारी

प्रिय फकी,

सलाम. दार-एस-सलामला तुझी बायको, मुलं सगळी खुशाल असतील. इथं उत्तरेच्या वाऱ्यानं चांगला जोर धरलाय, बांगडा भरपूर आहे. किनाऱ्यावरच्या थोरल्या गोरखचिंचेवर सुगरणींनी यंदा इतकी घरटी विणली आहेत, की त्यांच्या कलकलाटात माझ्या वर्गातल्या मुलांचे पाढे ऐकू येत नाहीत.

तू विचारलंस, मी विधवेच्या इद्दतीला का बसत नाही आणि तुझ्याकडे राहायला कधी येते. मकामेची होडी बेपत्ता होऊन महिने लोटले, खरं आहे. पण त्याची चिंधी झाडावर होती तोवर त्याला मेलेला म्हणणार कोण? बायकोच्या अंगावरच्या कांग्याची चिंधी फाडून गोरखचिंचेला बांधायची, मगच दर्यावर जायचं. परतल्यावर ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. तू हे विसरला नसशील.

गेल्या जुम्म्याला चिंधी नाहीशी झाली.

चिंधी सुटली म्हणजे मुलगा परतला, असं धरून माझ्या सासूबाईंनी, बी मीझेंनी, नारळाच्या रसातलं बांगड्याचं कालवण केलं आणि मकामेच्या जागी ताट मांडलं. शेजारचे उस्सी डोकावले, त्या ताटाच्या दिशेनं बघून हसले. "काय रे, बायकोनं बांधून ठेवलंय वाटतं? आमचं जाळं कधी देतोस?" आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून गेले. ओटीवर तर आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "बी, इथं कुणी नाही."

"कॉलेजात शिकलीस, आणि समोर बसलेला नवरा दिसत नाही?" असं म्हणून त्या वाढू लागल्या.

फकी, ती चिंधी मी पाहिली आहे. वरच्या फांदीवर, एका घरट्यात विणलेली, माझ्याच कांग्याची, लाल काठाची. हे बोलले की म्हातारीचा मुलगा दुसऱ्यांदा बुडेल. म्हणून गप्प आहे, असं मी स्वतःला सांगते. तेवढंच कारण नाही.

रोज मकामेच्या ताटात माशाचे काटे उरतात. मांजर खात असेल, असं रोजनिशीत लिहिलं. मांजर काटे ताटाच्या कडेला लहानापासून मोठ्यापर्यंत मांडून ठेवत नाही, हे लिहिलं नाही. ही खोड कुणाची, ते तू आमच्या लग्नातच पाहिलंस. बी मीझे मांडत असतील म्हणून काल मी जेवणभर त्यांच्या हातांवरून नजर काढली नाही. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

तू ये. तू इथं वाट बघत बसलेला नाहीस, तुझे डोळे शाबूत असतील. ओटीवर कुणी दिसलं नाही, तर बींना घरटं दाखवीन, इद्दतीला बसेन आणि मग तुझ्याकडे येईन.

फक्त एक कर. "ताई, भावोजी" अशी दोघांना एकदम हाक मारत यायची तुझी सवय आहे. या वेळी मला एकटीलाच हाक मार. त्यालाही हाक मारलीस आणि त्यानं ओ दिली, तर मी तुझ्याबरोबर निघेन की नाही, मला सांगता येत नाही.

तुझी थोरली बहीण,
म्वातिमा.
मकामेची बायको की विधवा, ते तू आल्यावर.