साडूभाऊंच्या गिअरमधला चिखल

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा एका हाताने नमस्कार. (दोन्ही हात जोडणार होतो, पण तुमचा डावा हात झोळीत असताना आपले दोन-दोन हात मिरवणं बरं दिसत नाही.) खांद्याचं हाड जुळत आलं असेल. ताईंची कंबर काय म्हणते? आमच्याकडे मी सोडून सगळे ठणठणीत आहेत, आणि माझं दुखणं डॉक्टरला दाखवण्यासारखं नाही.

परवा ब्रश आणायला सायकलच्या दुकानात गेलो, तर तिथल्या फळ्यावर तुमच्या त्या सुबक, नकाशे काढणाऱ्याच्या अक्षरातला कागद: 'डोंगरातली सायकल विकणे आहे. चालवणाऱ्याचं वय झालं.' ब्रश न घेताच परत आलो. एकोणीस वर्षं दर रविवारी तुमच्या मागच्या चाकाकडे बघत मी चढ चढतो आहे. तुमचं वय झालेलं मला त्यात कधी दिसलं नाही. झालं असतं तर मी एकदा तरी पुढे गेलो असतो.

त्या शनिवारी सकाळी आपण जुन्या खाणीच्या वाटेने उतरून आलो, तेव्हा दोन्ही सायकली ओळखू येत नव्हत्या. चिखलही साधासुधा नव्हे, चिकणमातीचा. मागच्या दातेरी चकत्यांच्या फटींत असा घट्ट बसलेला की साखळीला दात सापडेना. तुम्हाला कचेरीत नकाशे पोचवायचे होते, म्हणून तुम्ही म्हणालात, उद्याचं चढणं राहू द्या. आणि मीच (जळली माझी जीभ!) छाती ठोकून सांगितलं की दातांत अडकलेलं काढण्यात माझी हयात गेली, सायकल दवाखान्यात सोडून जा, दोन्ही चकाचक करून ठेवतो.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो. सायकल खुर्चीत आडवी घेतली, दिवा ओढला आणि सवयीने 'आ करा' म्हणालो. (मदतनीस बाई तेवढ्यावरच पर्स उचलून निघाल्या होत्या.) कीड कोरायच्या आकड्याने एकेक फट कोरली. साखळी ताणून धरणाऱ्या त्या दोन छोट्या चाकांतून गवत, माती आणि जुनं वंगण यांचा जो लगदा निघाला, तसा मी वीस वर्षं दात न घासलेल्या माणसाच्या तोंडातही पाहिलेला नाही. मग कोमट पाणी, मऊ ब्रश, हवेचा फवारा, आणि शेवटी कडीकडीला थेंबभर तेल. जाताना बाई दारातून म्हणाल्याही होत्या, "डॉक्टर, सोमवारी याच खुर्चीत माणसं बसायची आहेत हो." मी कसला ऐकतोय! साडेतीन तास लागले, पण काम देखणं झालं होतं, हे मी आजही नाकारत नाही.

रविवारी दुसऱ्या वळणाच्या चढावर तुमची साखळी उडाली, पाय सटकला आणि तुम्ही कठड्यावर आपटलात. मी धापा टाकत पोचलो, तर चेहरा पांढराफटक, आणि तुमच्या तोंडचं पहिलं वाक्य: "चूक माझीच. जोर लावता लावता गिअर बदलला." त्यावर मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." साडूभाऊ, त्या तीन शब्दांची मला फार लाज वाटते. तीन आठवडे तुम्ही हाडांच्या डॉक्टरांपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना ती चूक सांगताय, मी शेजारी बसून मान डोलावतोय, आणि आता त्याच चुकीपायी तुम्ही सायकल विकायला काढलीत.

असो. ताईंना नमस्कार, खांद्याला आराम, आणि रागवायचं झाल्यास पत्र शेवटपर्यंत वाचून रागवावं ही विनंती.

तुमचाच, कायम मागे राहिलेला साडू

ता. क. : तो कागद फळ्यावरून काढा. पत्र लिहायचं कारण एवढंच.

ता. क. दुसरा : एवढंच नाही. वर खुर्चीत घेतली ती माझी सायकल. तुमच्या सायकलीचा नंबर येईपर्यंत पाच वाजले, पाठीचा काटा ढिला झाला आणि मला कंटाळा आला. तुमची नुसती वरवर पुसली, सांगाडा चमकवला आणि गिअरमधल्या चिखलावरच भसाभसा तेल सोडलं. ते काळंभोर, चकचकीत दिसायला लागलं. सकाळी तुम्ही बघून म्हणालात, "वा, तुमच्या हाताला गुण आहे!" आणि मी हसून घेतलं. चढावर तुमची साखळी दातांत बसलीच नव्हती, चिखलावर टेकली होती. गिअर तुम्ही बरोबर बदललात. तुमचं वय झालेलं नाही, मी अंगचोरपणा केला. मला माफ करा.

ता. क. शेवटचा : हे सगळं आत्ता बायकोला वाचून दाखवलं. तिने पाकिटावर लावलेलं तिकीट काढून ठेवलं. मग म्हणाली, "टपालाने कशाला पाठवताय? ताईचं घर दोन गल्ल्या सोडून तर आहे." तेव्हा पत्र मीच घेऊन येतोय. दारातच वाचा. मला आत घ्यायचं की नाही, ते मग ठरवा.